चढउताराच्या कोर्सवर पहिला राउंड: मुंबईकर नवख्यांसाठी

गोल्फच्या रेंजवरची, म्हणजे सरावाच्या मैदानावरची, मॅट सपाट असते. तिच्यावर पाच-सहा महिने घाम गाळून माणूस पहिल्यांदा कोर्सवर उतरतो, टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, बरा फटका बसतो, आनंदात चेंडूपाशी चालत जातो आणि तिथे पाहतो तर चेंडू पायांपेक्षा वीतभर उंच. रेंजवर हे कुणी दाखवलेलं नसतं. डोंगराळ मुलखातल्या कोर्सवर सपाट जागा हमखास मिळते ती टीवर. पुढचा जवळजवळ प्रत्येक फटका कुठल्या ना कुठल्या उतारावरून खेळायचा असतो. म्हणून या लेखात मनगट आणि खांद्यापेक्षा पायांबद्दल जास्त बोलणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शनिवार-रविवार सह्याद्रीत घालवलेत, त्यामुळे उताराचं निम्मं ज्ञान आपल्या पायांत आधीच आहे. ते फक्त क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात घेऊन वापरायचं.

कोर्सची जात ओळखा

समुद्रकाठच्या वाळूवर, झाडं जवळजवळ नसलेल्या मोकळ्या वाऱ्यात असतो तो लिंक्स कोर्स. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. समुद्रापासून आत, झाडांच्या रांगांमधून कापलेली, पाणी देऊन राखलेली हिरवळ असेल तर तो पार्कलँड. लिंक्सवर वारा छळतो, पार्कलँडवर झाडं. त्यात जमीन डोंगराळ असली की उतारही आला.

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, जुन्या झाडीतला. तो सभासदांचा क्लब आहे, तेव्हा ओळखीतला सभासद असेल तर त्याच्याबरोबर पाहुणे म्हणून जायचं. ज्याची अशी ओळख नाही त्याच्यासाठी सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. पांडवकड्याच्या डोंगररांगेच्या कुशीत तो वसलाय आणि पैसे भरून कुणालाही खेळता येतो. मुंबईतल्या मराठी घरांत गोल्फ म्हणजे साहेबलोकांचा खेळ असा समज अजून आहे. खारघरसारखा सार्वजनिक कोर्स तो मोडू शकतो, म्हणून मला तो मनापासून जवळचा वाटतो. हात बसल्यावर पुण्याकडे बावधनचा ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे, तिथले चढउतार आणखी कस लावतात.

स्कोअरकार्डवर ‘स्लोप रेटिंग’ नावाचा एक आकडा दिसेल. त्याचा डोंगराच्या उताराशी थेट संबंध नाही. अव्वल खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला तो कोर्स किती जास्त जड जाईल, हे तो आकडा सांगतो. तो ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हे प्रमाण धरतात. आकडा १३० च्या वर दिसला, तर चुकलेल्या फटक्याला तिथे माफी कमी आहे असं समजा.

बॅगेत काय

नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. तुम्हाला सात पुरेत: लांब फटक्यासाठी एक हायब्रिड, ६, ७ आणि ९ नंबरचे आयर्न (नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब), जवळच्या उंच फटक्यांसाठी पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि चेंडू भोकाकडे घरंगळवायला पटर. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारणारा क्लब, नेलात तर तो सपाट, रुंद होलवरच काढा (टीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल). चेंडू मात्र डझनभर घ्या, आणि महागडे घेऊ नका. माझ्या पहिल्या राउंडला मी सहाच नेले होते, ते अकराव्या होलपर्यंत संपले आणि उरलेला राउंड मी दुसऱ्यांकडून चेंडू मागत काढला. तळाला रबरी खुंट्या असलेले बूट घ्या, दोन छोटे टॉवेल ठेवा, डोक्याला टोपी हवीच. कॉलरचा टी-शर्ट बहुतेक ठिकाणी लागतो, जीन्स अनेक ठिकाणी चालत नाही. फोन करून वेळ ठरवताना हे विचारून घ्या.

पाण्याबरोबर कोकम सरबत किंवा मीठ घातलेलं ताक न्या. १८ होल चालत खेळायला चार-साडेचार तास लागतात आणि आठ-दहा किलोमीटर चाल होते, तीही चढाची. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर तापतं आणि तेराव्या-चौदाव्या होलनंतर पाय जड झाले की उतारावर तोल जायला लागतो. आधी नऊच होल खेळलात तरी काही बिघडत नाही.

पोहोचणं आणि अंग मोकळं करणं

खारघरला हार्बर मार्गाने पनवेल लोकल थेट जाते. ठाण्याकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर आहे. सात क्लबची हलकी बॅग सकाळी उलट दिशेच्या गाडीत सहज मावते. स्टेशनवरून रिक्षा करा. टी टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, पाऊण तास आधी पोहोचा.

रेंजवर वीस-पंचवीसच चेंडू मारा, आणि त्यातले निम्मे वेजने. नंतर कुठेतरी उतार शोधा आणि चेंडू न ठेवता क्लब फिरवा: निशाणा चढाकडे धरून दहा वेळा, उताराकडे धरून दहा वेळा. क्लबचं डोकं गवताला कुठे घासतं ते बघा. चढावर ते पुढे घासतं, उतारावर मागे. चेंडू उभं राहण्याच्या जागेत कुठे ठेवायचा याचं उत्तर इथेच मिळतं. ही पाच मिनिटं कुणी देत नाही, आणि मला तर राउंडमधली सगळ्यांत कामाची वाटतात.

कॅडी, म्हणजे बॅग वाहून कोर्स दाखवणारा माणूस, मिळत असेल तर घ्याच. तो रोज त्या मातीवर चालतो. ‘दादा, मी नवीन आहे, कुठे मारू नको ते आधी सांगा,’ असं पहिल्या टीवरच सांगून टाका. कुठे मारायचं ते दिसत असतं. कुठे मारायचं नाही ते त्यालाच माहीत असतं.

पार विसरा, बोगीचा हिशेब मांडा

समजा होल ३४० यार्डांचा आहे, पार, म्हणजे ठरवून दिलेले अपेक्षित फटके, चार, आणि ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) चढावर. तुमचा ७ आयर्न १२० यार्ड जातो. तीन फटक्यांत ३६० यार्ड झाले, म्हणजे चढाचे दहा-पंधरा यार्ड धरूनही तिसऱ्या फटक्याला ग्रीन गाठता येतं. मग ग्रीनवर दोन पट, म्हणजे पटरचे हलके फटके. एकूण पाच, पारपेक्षा एक जास्त, म्हणजे बोगी. यात ड्रायव्हर कुठेच लागला नाही. झाडांतही जावं लागलं नाही.

प्रत्येक टीवर उभं राहून असा उलटा हिशेब करा: ग्रीनकडून मागे येत शेवटचा फटका कुठून सोपा पडेल, त्याच्या आधीचा कुठून. डोंगराळ कोर्सवर अंतरापेक्षा उभं राहायला बरी जागा जास्त मोलाची. फेअरवेत, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या राखलेल्या हिरवळीत, १५० यार्डांवर सपाट पट्टा दिसत असेल आणि १८० वर उतार सुरू होत असेल, तर १५० वरच थांबा. मागच्या, लांबच्या टीवरून खेळायचा हट्ट करू नका. सगळ्यांत पुढची टी कुठली ते विचारा आणि तिथून सुरुवात करा.

उतारावर उभं राहणं

आता मुख्य भाग. खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

चेंडू पायांपेक्षा वर: क्रिकेटमध्ये कमरेएवढा उसळलेला चेंडू आपण पुल करतो. बॅट आडवी फिरते आणि चेंडू लेगला जातो. इथेही तसंच होतं. चेंडू छातीच्या जवळ आल्यामुळे स्विंग आडवा होतो, क्लबचा चेहरा डावीकडे झुकतो आणि चेंडू डावीकडे वळतो. वेजसारखे जास्त कलते क्लब तर आणखीनच डावीकडे नेतात. ग्रिप इंच-दोन इंच खाली धरा, थोडं ताठ उभं राहा, निशाणा उजवीकडे घ्या. पाऊण ताकदीने मारा.

चेंडू पायांपेक्षा खाली: चारांतला हा मला सगळ्यांत अवघड वाटतो. क्लब पूर्ण लांबीला धरा, पाय जास्त फाका, कमरेतून आणि गुडघ्यांतून बसा, आणि फटका संपेपर्यंत त्याच उंचीवर राहा. माणूस मारताना उठतो, तेवढ्याने क्लब चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि चेंडू वीस यार्ड सरपटतो. चेंडू उजवीकडे वळेल, म्हणून निशाणा डावीकडे. हातांनीच मारा, अंग फारसं फिरवू नका.

समोर चढ: खांदे जमिनीच्या उताराला समांतर करा. म्हणजे उजवा खांदा खाली जाईल आणि वजन उजव्या पायावर येईल. चेंडू उंच उडेल आणि आखूड पडेल, शिवाय किंचित डावीकडे जाईल. म्हणून ७ ऐवजी ६ घ्या, चढ जास्त असेल तर हायब्रिड. चेंडू मध्यापेक्षा थोडा पुढच्या पायाकडे.

समोर उतार: राजमाची किंवा कळसूबाई उतरताना नवा माणूस भीतीने मागे झुकतो, आणि मागे झुकला की पाय सटकतो. अनुभवी माणूस गुडघे वाकवून वजन पुढच्या पावलावर ठेवतो. गोल्फमध्ये उताराचा फटका अगदी असाच खेळायचा. मन म्हणतं की मागे झुकून चेंडू वर उचलावा, आणि तसं केलं की क्लब आधी जमिनीत घुसतो. वजन डाव्या पायावर टाका आणि खांदे उताराला समांतर ठेवा. चेंडू मागच्या पायाकडे घ्या. फटक्यानंतर क्लब उताराच्या अंगाने खाली जाऊ द्या, हवं तर एक पाऊल पुढे टाका. उतारामुळे क्लबचा कल कमी होतो, म्हणून चेंडू खालून जाईल, लांब घरंगळेल आणि थोडा उजवीकडे झुकेल. ७ लागत असेल तिथे ९ घ्या. लांब आयर्न किंवा ड्रायव्हर अशा ठिकाणी काढूच नका.

बहुतेक वेळा दोन उतार एकत्र येतात: चेंडू पायांपेक्षा खाली, शिवाय समोर उतार. तेव्हा जो जास्त तीव्र असेल त्याचं ऐका. दोन्ही सारखे असतील तर ग्रीन विसरून वेजने फेअरवेच्या सपाट भागात या. तोल जाईल अशी शंका आली तर फटका अर्धाच घ्या. क्रिकेट खेळलेल्या हातांना एवढंच सांगेन: खालच्या हाताचा जोर कमी करा. उतारावर तो हात सगळं बिघडवतो.

वर किती, खाली किती

ग्रीन उंचावर असेल तर जेवढे यार्ड उंची, साधारण तेवढे यार्ड अंतरात मिळवा. खाली असेल तर तेवढेच वजा करा. दहा यार्ड चढ म्हणजे जवळपास एक क्लब जास्त, ७ ऐवजी ६. खोल खाली दिसणाऱ्या ग्रीनवर नवखा नेहमी जास्त मारतो, कारण डोळ्यांना ते लांब वाटतं. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, तेव्हा वारा असेल तर त्याला वाहून न्यायलाही जास्त वेळ मिळतो. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. दरीत तो खाली जाणवत नाही, झाडांचे शेंडे बघा.

चढापलीकडचं दिसत नसेल तर पुढचा गट गेला याची खात्री झाल्याशिवाय मारू नका. चेंडू कुणाच्या दिशेने गेला की मोठ्याने ‘फोर!’ ओरडा. लाजू नका, चेंडूने माणूस गंभीर जखमी होऊ शकतो.

झाडांत गेलात तर

दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीन दिसतं आणि मोह होतो. चेंडू खोडाला आपटून मागे येतो. फेअरवेकडे जी सगळ्यांत रुंद वाट असेल, ती बाजूला असो की मागे, त्या वाटेने बाहेर या. चेंडू मागच्या पायाकडे, हात पुढे, छोटा स्विंग, म्हणजे चेंडू फांद्यांखालून जातो. एक फटका गेला, होल वाचलं.

गवतात हात घालण्याआधी क्लबने गवत हलवा. डोंगरपायथ्याला, पावसाळ्यात तर नक्कीच, साप असतात. चेंडूपाशी साप किंवा मधमाश्यांचं पोळं असेल तर नियम तुमच्या बाजूने आहे: दंड न लागता सुरक्षित जागी चेंडू ड्रॉप करता, म्हणजे हातातून खाली सोडता, येतो.

हरवलेला चेंडू आणि ड्रॉप

शोधायला ३ मिनिटं. २०१९ च्या आधी ५ होती. टीवरून चेंडू झाडीत गेला असं वाटलं तर तिथूनच ‘प्रोव्हिजनल (तात्पुरता चेंडू) खेळतोय’ असं सांगून दुसरा मारा, नाहीतर पुन्हा चढ चढून टीवर यावं लागेल. डोंगराळ कोर्सवर याची किंमत पायांना मोजावी लागते.

पांढऱ्या खुंट्यांबाहेर, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेलात की एक दंड (एक फटका जास्त) आणि पुन्हा आधीच्या जागेवरून. क्लबने तसा स्थानिक नियम लावला असेल तर दोन दंड घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप घेता येतो, हे पहिल्या टीवर विचारून घ्या. लाल खुंट्यांच्या आत, म्हणजे ओढ्या-तळ्यासारख्या दंडाच्या जागेत, गेलात की, चेंडू जिथून आत शिरला तिथून दोन क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता, एका दंडात ड्रॉप. चेंडू खेळण्याजोगा नसेल, म्हणजे खडकाला टेकलेला किंवा मुळांत अडकलेला, तर तो ‘अनप्लेएबल’ जाहीर करून एका दंडात तसाच दोन क्लब-लांबीत ड्रॉप घेता येतो.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. उतारावर चेंडू घरंगळत ठरलेल्या जागेबाहेर जातो, हे नेहमीचंच. पुन्हा ड्रॉप करा. दुसऱ्यांदाही बाहेर गेला, तर दुसऱ्या वेळी तो जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवा. हे माहीत नसल्यामुळे मी लोकांना चार-चार वेळा ड्रॉप करताना पाहिलंय.

हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) नसलेल्या खेळाडूची एका होलवर जास्तीत जास्त नोंद पार अधिक ५ धरतात. पार चारच्या होलवर ९ झाले की चेंडू उचला आणि पुढे चला. मागचा गट खोळंबत नाही, आणि तुमचंही मन खचत नाही. एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, अशी शिफारस नियमांतच आहे.

ग्रीनवर

होल १०८ मिलिमीटरचं आणि चेंडू सुमारे ४२.७ मिलिमीटरचा. लहानपणी गोट्या खेळताना गलीत गोटी टाकायचं तंत्र आठवा. जोराची गोटी गलीवरून उडून जायची, मरत आलेली गोटी आत पडायची. पटचंही गमक वेगात आहे, दिशा त्यानंतर.

चेंडूपाशी जाण्याआधी, ग्रीनवर चढतानाच, सगळ्यात उंच डोंगर कुठे आहे ते बघा. बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठे वाहील, असा विचार करा. डोळ्यांना ग्रीन सपाट दिसत असलं, तरी चेंडू बहुधा डोंगरापासून दूर वळतो. मग गवताचा कल बघा: चमकदार दिसत असेल तर गवत तुमच्यापासून दूर झुकलंय, चेंडू वेगाने जाईल. काळपट दिसत असेल तर उलट.

ग्रीनकडे येतानाच होलच्या खालच्या बाजूला राहायचा प्रयत्न करा. तिथून पट चढाचा मिळतो आणि चढाचा पट निर्धास्त मारता येतो. वरून खाली मारताना चेंडूला फक्त स्पर्श करायचा. तीन फुटांवर थांबला तरी चांगला पट झाला, असं मी मानतो.

चेंडू पडून ग्रीनवर खड्डा झाला असेल तर तो दुरुस्त करा. बंकरमधली वाळू रेकने सारखी करा.

पावसाळ्यात

मुंबईत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोर्स हिरवागार आणि अवघड असतो. चेंडू पडतो तिथेच थांबतो, घरंगळत नाही, म्हणून एक क्लब जास्त. चेंडू स्वतःच्या आघाताने जमिनीत रुतला किंवा साचलेल्या पाण्यात गेला, तर दंड नाही, सवलत मिळते. ग्रिप पुसायला एक टॉवेल बॅगेत कोरडा ठेवा. ओल्या उतारावर अर्ध्याच ताकदीने खेळा, कारण घसरून गुडघा मुरगळला की महिने जातात. विजा कडाडायला लागल्या तर कुणी सांगायची वाट बघू नका. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवायची मुभा नियमच देतो. झाडाखाली थांबू नका, छत्री आणि क्लब खाली ठेवा आणि क्लबहाउस गाठा.

पहिल्या राउंडसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लवकर ग्रीनवर दव असतं, तेव्हा पट थोडा जोरात मारा. नवाच्या सुमारास ते वाळतं आणि त्याच ग्रीनचा वेग बदलतो.

घरी आल्यावर

कॅडीला ठरलेले पैसे देऊन, त्याचं नाव लक्षात ठेवून निघा. त्याच दिवशी रात्री स्कोअरकार्ड काढून प्रत्येक होलपुढे तीन गोष्टी लिहा: किती पट लागले, किती दंड पडले आणि कुठल्या उतारावर चेंडू बिघडला. माझ्या पहिल्या पाच कार्डांवर ‘समोर उतार’ हा शेरा सारखा येत होता, म्हणून पुढचे दोन महिने मी त्याच एका फटक्यामागे लागलो. मिळून ५४ होलांची प्रमाणित कार्डं झाली की हँडिकॅप मिळू शकतो. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये तो ५४ पर्यंत असू शकतो, त्यामुळे दीडशे फटक्यांच्या कार्डाचीही लाज बाळगायचं कारण नाही. पहिली तीन-चार कार्डं एकाच कोर्सवरची, एकाच टीवरची असू द्या, म्हणजे कुठल्या चढावर सुधारणा झाली ते आकड्यांत दिसेल.